नावाड्याच्या पोरीनं काय सांगावं

"बोला ना रे. कुणीतरी तोंड उघडा."

बाईंनी पुन्हा विचारलं, आणि सातवीचा वर्ग पुन्हा नुसता बघत बसला. बाहेर ऊन रणरणत होतं. छपराचा पत्रा तापून कडकड वाजत होता. तीन-तीन पोरांत एक पुस्तक उघडं पडलं होतं, पण पोरांची नजर पुस्तकावर नव्हती, बाईंवरही नव्हती. सगळ्यांचे कान घंटेकडे लागले होते.

ही पुस्तकं मिळवताना बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. एकाच कादंबरीच्या काही प्रती कुठल्याशा योजनेतून शाळेत येऊन पडल्या होत्या आणि हेडमास्तरांनी त्या कपाटात कोंडल्या होत्या. "पोरांच्या हातात दिली की फाटतात," असं त्यांचं म्हणणं. "आणि कपाटात राहिली की वाळवी खाते," असं बाईंचं. वाळवी म्हटल्यावर हेडमास्तरांनी किल्ली दिली, तीसुद्धा दाढ उपटून दिल्यासारखी.

कादंबरी पोरांसाठीच लिहिलेली होती. एका नदीवरचा नावाडी आणि त्याची तेरा-चौदा वर्षांची पोर. नाव गिरणीवाल्याच्या मालकीची. पूर येतो. नावाडी आधी गिरणीवाल्याची धान्याची पोती आणि जनावरं पलीकडे नेतो. खालच्या वस्तीतली माणसं छपरांवर बसून वाट बघत राहतात, आणि त्यातली सगळीच हाती लागत नाहीत. पूर ओसरल्यावर चौकशी बसते. दोर धरायला पोरगी होती, म्हणून तिलाच उभं करून विचारतात: पहिली खेप कुणाची होती?

बाई वर्गाला घेऊन तिथपर्यंत आल्या होत्या आणि मुद्दाम थांबल्या होत्या. धड्याखाली प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं धड्यातच असतात. पोरं इथून उचलून तिथे ठेवतात. कादंबरीखाली प्रश्न नसतात. पोरांनी भांडावं, एकमेकांचं खोडून काढावं, बाईंचंसुद्धा खोडावं, एवढंच बाईंना हवं होतं. पण पोरांना वर्षानुवर्षं गप्प बसायला शिकवलेलं. ती एकदम बोलणार कशी?

"मी सांगू, बाई?" पहिल्या बाकावरून हात वर झाला. हा पोपट. पाणीसंस्थेच्या चेअरमनचा नातू. त्याला सगळं पाठ असायचं, म्हणून पोपट.

"सांग."

"यातून असा बोध मिळतो की नेहमी खरे बोलावे."

"बोध नकोय रे मला. तुला काय वाटतं ते सांग."

पोपटानं थोडा विचार केला. "मला पण तोच बोध वाटतो, बाई."

वर्ग खुसखुसला. बाईंना हसू आलं नाही. मागच्या बाकावर मुकी बसली होती. खरं तर ती मुकी नव्हती, हजेरीला "हजर" म्हणायची, पण त्यापलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिच्या नखांत माती होती. तिच्या घरचं शेत पाटाच्या अगदी शेपटाला. सकाळी घरच्यांबरोबर बटाट्याला कळशीकळशीनं पाणी घालून ती शाळेत यायची आणि दुपारी बसल्या बसल्या पेंगायची. बाईंनी तिच्याकडे बघितलं, तिनं नजर खाली केली. तिच्या पुढच्या बाकावर बाईंची स्वतःची लेक होती. तीही खाली मान घालून पुस्तकाचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती.

घंटा झाली. वर्ग दावं सोडल्यासारखा बाहेर पळाला.

*

बाईंचा नवरा पाटकरी. मोठ्या कालव्यातून गावाच्या पाटात पाणी सुटलं की कुणाची पाळी कधी, कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं, हे त्याचं काम. पाणी मुबलक असतं तेव्हा पाटकऱ्याला कुणी ओळखत नाही. पाणी कमी पडलं की सगळ्या गावाला त्याचं घर सापडतं.

त्या हंगामात पाणी उशिरा सुटलं, आणि सुटलं तेही रडतरडत. माथ्यावरच्या शेतांत बटाटे जोमात होते. शेपटाकडे पाला पिवळा पडायला लागला होता. त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा अंगणात दोन-तीन माणसं उभी होती, आणि त्यांत मुकीचा बाप. खांद्यावर फावडं, पायाला चिखल नाही. चिखल लागायला पाणी कुठे होतं?

पाटकरी आत जेवायला बसला होता. घास हातात, आणि दारातून आवाज.

"पाटकरी, आमची पाळी आजची होती."

"सोडलंय की पाणी."

"सोडलंय म्हणतोस. आमच्या बांधाला तर बेडूकसुद्धा ओला झाला नाही."

"वरूनच कमी आलंय. मी काय खिशात घालून ठेवलंय?"

"जेव, जेव," दुसरा म्हणाला. "तुझं ताट तरी भरलेलं असू दे."

त्याच्या बोलण्यात शिवी नव्हती, पण पाटकऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. तो ताटावरून उठला, हात धुतला आणि मागच्या दारानं निघून गेला. माणसं थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बाईंकडे बघून, आपण बाईमाणसाच्या दारात उभे आहोत हे जणू तेव्हाच ध्यानात आल्यासारखी, गेली.

बाईंना राग आला तो त्या माणसांचा. दिवसभर माणूस उन्हातान्हात पाटाकाठी फिरतो. टाचांना भेगा पडून रक्त येतं, दारांची चाकं फिरवून खांदा उतरलाय, आणि वर ही बोलणी. "बाबांना डबा देऊन ये गं," त्या लेकीला म्हणाल्या. "उपाशी गेलेत."

डबा रोज लेकच नेऊन द्यायची. तिनं डबा घेतला, चप्पल पायात सरकवली आणि दारात थांबली.

"काय गं?"

"काही नाही," म्हणाली आणि गेली.

*

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं. "कादंबरी किती दिवस चालणार आहे? व्याकरणाचे धडे मागे पडलेत. परीक्षेत नावाडी येणार नाही."

"आणखी थोडे दिवस, सर."

"अहो, पोरं बोलत नाहीत तर नाही बोलत. तुम्ही कशाला भिंतीवर डोकं आपटताय?"

भिंत म्हटल्यावर बाईंना एक गोष्ट सुचली. वर्गात जाऊन त्यांनी बाकं मागे सरकवायला लावली. "आज हात वर करायचा नाही. पायानं उत्तर द्यायचं. पोरीनं चौकशीत खरं सांगावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खिडकीच्या भिंतीला उभं राहा. गप्प बसावं असं वाटतं त्यांनी फळ्याच्या."

पोपट खिडकीकडे गेला. त्याच्यामागून अख्खा वर्ग गेला. इतकी दाटी झाली की एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर. बाईंनी कपाळाला हात लावला. हेडमास्तर म्हणत होते तेच खरं म्हणायचं.

तेवढ्यात गर्दीतून मुकी बाहेर पडली. वर्गाच्या मधून चालत गेली आणि फळ्याच्या भिंतीला पाठ टेकून एकटी उभी राहिली.

"तुला वाटतं गप्प बसावं?" बाईंनी हळूच विचारलं. जोरात बोललं तर उडून जाईल असं वाटलं त्यांना.

मुकीनं मान डोलावली.

"का गं?"

तिनं नखातली माती कोरली. मग बोलली, आणि आवाज चांगला खणखणीत निघाला. "ज्यांची पोती आधी गेली त्यांना माहीत आहे. जे छपरावर बसले होते त्यांनी तर डोळ्यांनी बघितलं. चौकशीवाल्यांनाही माहीत असणार. मग पोरीच्याच तोंडून का वदवून घ्यायचं? तिनं सांगितलं की सगळे तिच्या बापालाच धरणार. गिरणीवाल्याला कोण धरणार आहे?"

वर्ग थक्क झाला. आणि मग धरण फुटावं तसं झालं.

"पण नाव तर बापानंच चालवली ना!"

"गिरणीवाल्यानं सांगितलं म्हणून."

"सांगितलं म्हणून काय झालं? माणसं आधी न्यायला नकोत?"

"नाही नेली पोती तर नाव काढून घेईल तो. मग खाणार काय?"

"माणसं मेली की, वेड्या!"

दोघं फळ्याकडे पळाले. एक पुन्हा खिडकीकडे आला. बाई मधोमध उभ्या होत्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघून बोलत होती.

"आणि गिरणीवाला वाईटच असतो कशावरून?" पोपट ओरडला. त्याला आता बोध आठवत नव्हता. "त्याची नाव आहे! स्वतःच्या नावेतून स्वतःची पोती नेली तर काय चुकलं?"

"नाव त्याची, पण नदी त्याची आहे का?" मुकी म्हणाली.

"आपल्या पाटासारखंच आहे की," खिडकीजवळून कुणीतरी बोललं. "पाट सगळ्यांचा आणि पाणी पोपटाच्या घरी."

"आमच्या पाळीनंच येतं आमचं पाणी!" पोपटाचा चेहरा लाल झाला. "पाटकऱ्याला विचारा. नाहीतर तिला विचारा, तीच डबा घेऊन जाते रोज वरच्या दाराला!"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. बाईंची लेक ना या भिंतीला होती ना त्या. मागे सरकवलेल्या बाकांपाशी ती उभी होती, एका बाकाची कड दोन्ही हातांनी धरून. तिचे ओठ हलले. ती काहीतरी सांगणार होती, हे बाईंना स्पष्ट दिसलं.

"पुरे!" बाई म्हणाल्या. "बाकं जागेवर आणा. व्याकरणाची पुस्तकं काढा."

आवाज त्यांचाच होता, पण त्यांना स्वतःलाच तो हेडमास्तरांचा वाटला. पोरांनी बाकं ओढली. खरखर झाली, धूळ उडाली. मग शांतता झाली, नेहमीपेक्षा जास्त. मुकी जागेवर जाऊन बसली आणि तिनं बाईंकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असंच होणार हे तिला ठाऊक होतं, आणि मधे घटकाभर ती उगाचच विसरली होती, एवढंच त्यात होतं.

*

घरी आल्यावर लेकीनं दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"तू काय सांगणार होतीस वर्गात?"

"तू सांगू दिलंस का?"

"आता सांग."

लेक वळली. "तुला खरंच माहीत नाही, आई?"

दिवसभर दुसऱ्याच्या पोरांना विचारत हिंडायचं, तुला काय वाटतं, तुला काय वाटतं, आणि स्वतःच्या नवऱ्याला मात्र एवढ्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नव्हतं.

"वरचं दार, चेअरमनच्या शेताचं, बाबा पूर्ण बंद करत नाहीत," लेक म्हणाली. "दुसऱ्याची पाळी असली तरी नाही. चेअरमनचा माणूस येऊन बघून जातो. मी डबा घेऊन गेले की बाबा मला लांबच बसवतात. मला दिसत नाही असं वाटतं त्यांना." मग म्हणाली, "मी आजपासून डबा नेणार नाही. तूच जा."

पाटकरी संध्याकाळी आला तो तापूनच आला. वर्गातली गोष्ट त्याच्याआधी गावभर फिरली होती. त्यानं फावडं भिंतीला टेकवलं नाही, आपटलं.

"काय शिकवतेस गं तू पोरांना? माझ्या पोटावर पाय द्यायला?"

"मी तुमचं नाव घेतलं नाही."

"नावाडी काय, पाटकरी काय! पोरांना काय कळत नाही? चेअरमननं मला पाटावर उभं केलं आणि हसून विचारलं, म्हणाला, बाईंनी तुझ्यावर पुस्तक काढलंय म्हणे. हसला गं तो! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"मग ते खोटं आहे का?"

"काय?"

"दाराचं."

तो खाली बसला. एक टाच मांडीवर घेऊन भेगेतली वाळू बोटानं काढत राहिला. "दर हंगामाला त्याच्या शब्दावर मला कामावर घेतात. तो नाही म्हणाला की दुसरा पाटकरी उभाच आहे. तो दार आणखी वर उचलेल. मी निदान थोडंच ठेवतो. शेपटाला थेंब तरी जातो, तो माझ्यामुळे जातो." मग आवाज चढला. "पण ते कुणाला दिसत नाही! वरचा म्हणतो कमी सोडलंस, खालचा म्हणतो चोरलंस. आणि आता घरातही खटला!"

लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती ती तशीच. त्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही.

*

चेअरमन शाळासमितीवरही होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले, हेडमास्तरांच्या खुर्चीत बसले आणि हेडमास्तर उभे राहिले. चेअरमन बाईंशी फार अदबीनं बोलले.

"पुस्तक चांगलं आहे, बाई. मी काही वाचलेलं नाही, पण चांगलंच असणार. फक्त पोरांच्या वयाला जड जातंय. पोरं लहान असताना त्यांना माणसातला चांगुलपणा दाखवावा. नाही का, हेडमास्तर?"

"अगदी बरोबर," हेडमास्तर म्हणाले.

"पोरांनी विचार केला, एवढंच झालं," बाई म्हणाल्या.

"विचार करावा की. पण एकमेकांच्या घरचा करू नये."

सुट्टी संपल्यावर हेडमास्तर स्वतः वर्गात आले आणि एकेका बाकावरून पुस्तकं उचलून घेऊन गेले. कुणी हूं का चूं केलं नाही. पोपटानं आपल्या बाकावरचं पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. हेडमास्तरांना ते ओढून घ्यावं लागलं. कपाटाला कुलूप लागल्याचा आवाज वर्गापर्यंत आला. मुकी त्या दिवशी आलीच नव्हती. बाईंनी फळ्यावर क्रियापदं लिहिली. खडू मधेच मोडला तेव्हा त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

शाळा सुटल्यावर त्यांनी घरी जाऊन डबा भरला आणि स्वतः पाटाची वाट धरली.

पाटकरी वरच्या दाराच्या कठड्यावर बसला होता. पाळी शेपटाची होती. पण दाराखालून पाणी फेस काढत बाजूच्या, चेअरमनच्या शेतात जात होतं. हिरवागार पाला, ओली काळी माती. आणि दाराच्या पुढे पाटाच्या तळाला एक बारीक ओहळ, पोरानं खेळताना काढावा तसा.

"लेक नाही आली?" त्यानं विचारलं.

"नाही म्हणाली."

त्यानं डबा घेतला आणि न उघडता बाजूला ठेवला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "त्या पुस्तकात शेवटी काय होतं? पोरगी सांगते?"

"सांगते."

"आणि बाप?"

"नाव जाते. गाव सोडून जातात दोघं. पोरगी सुटल्यासारखी होते, असं लिहिलंय."

"जातात कुठे? खातात काय? ते लिहिलंय का?"

बाईंनी मान हलवली. नव्हतं लिहिलं.

"मग लिहिणाऱ्याचं काय गेलं?" तो म्हणाला. "माझी पोर माझा डबा आणत नाही. त्याच्यावर लिही म्हणावं."

तो उठला, आणि बाईंना वाटलं डबा लाथाडतो की काय. पण त्यानं चाकाला हात घातला. रागानंच फिरवलं. दार कुरकुरत खाली गेलं, फेस कमी झाला, आणि मग चाक अडलं. त्यानं जोर लावला. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. चाक जागचं हललं नाही. तो दाराच्या दांड्याला लोंबकळला, पाय शेवाळावरून घसरला आणि गुडघा कठड्यावर आपटला. बाईंनी पदर खोचला आणि चाकाच्या दुसऱ्या बाजूला हात लावला. दोघांनी मिळून ओढलं. तळहात सोलले. खाली वीतभर फट राहिली ती राहिलीच, आणि तिच्यातून पाणी जातच होतं.

पाटकरी मटकन चिखलात बसला. "गंजलंय," तो म्हणाला. "इतके दिवस तळापर्यंत नेलंच नाही. आता मी न्यायचं म्हटलं तरी जात नाही."

कोरड्या पाटातून कुणीतरी चालत येत होतं. मुकीचा बाप, आणि त्याच्यामागून मुकी. पाणी कुठे अडलंय ते बघत शेपटापासून माथ्यापर्यंत चालत आले होते. बाप दारापाशी येऊन थांबला. त्यानं दार बघितलं, फट बघितली, चिखलात बसलेला पाटकरी बघितला आणि बाईंचे सोललेले हात बघितले. त्यानं फावडं दोन्ही हातांत धरलं.

"बंद होत नाही," पाटकरी म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "आता होत नाही. आधी होत होतं, तेव्हा मी केलं नाही."

मुकीच्या बापाचा जबडा हलला. मग तो वळला आणि मुकीला म्हणाला, "जा, रिकामी पोती घेऊन ये. आणि सगळ्यांना हाक मार." मुकी कोरड्या पाटातून पळत सुटली. शेपटाकडच्या शेतांवर तिचा आवाज दूरपर्यंत ऐकू येत राहिला, एकेकाला हाका मारणारा.

माणसं आली. पोत्यांत माती भरली, दगड आणले, दाराखालच्या खड्ड्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरून फट बुजवली. पाटकरी सगळ्यांत खाली होता, पोत्याला पाठ लावून. कुणी त्याच्याशी बोललं नाही. एकानं त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढून घेतलं, तेही न विचारता. दिवस मावळता मावळता पाणी पाटातून पुढे सरकलं, आधी घाणेरडं, पाचोळा ढकलत, मग जरा मोकळं. माणसं पाण्याबरोबर खाली चालत गेली. जाताना मुकीचा बाप थांबला आणि पाटकऱ्याला म्हणाला, "महिन्याआधी केलं असतंस तर माझा तुकडा वाचला असता." एवढंच म्हणाला आणि गेला.

*

पाटकऱ्याचं काम गेलं, यात कुणाला नवल वाटलं नाही. पूर्ण काढून टाकलं असतं तर गावात बोंब झाली असती, म्हणून चेअरमननं त्याला पाटातला गाळ काढायला लावलं. ज्या पाटाची दारं तो उघडायचा, त्याच पाटात आता गुडघाभर चिखलात उभा राहून तो फावडं मारायचा, आणि नवा पाटकरी कठड्यावरून त्याला कुठे मारायचं ते सांगायचा. दाराला नवं चाक बसलं. नवीन पाटकरी दार पूर्ण बंद करायचा, निदान शेपटाची माणसं बघायला उभी असतील तेव्हा तरी. ती आता पाळीपाळीनं उभी राहायची. अर्धे बटाटे वाचले, अर्धे सुपारीएवढेच राहिले.

घरात पाटकरी बाईंशी कामापुरता बोलायचा. एकदा पायातला चिखल धुता धुता म्हणाला, "झालं ना समाधान?" बाई तांब्यातून पाणी ओतत राहिल्या. समाधान झालं नव्हतं, आणि नाही झालं म्हणायची सोय नव्हती. लेक मात्र पुन्हा डबा घेऊन जायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाप काठावर बसून जेवायचा, ती शेजारी बसायची, आणि त्यानं तिला आता लांब बसायला सांगितलं नाही.

मुकी शाळेत आली आणि पुन्हा "हजर" एवढंच म्हणायला लागली. बाईंनी वर्गात काही विचारलं की पोरं खाली बघायची. पोपटसुद्धा. कपाट बंद होतं. हेडमास्तर बाईंशी जरा जास्तच प्रेमानं बोलायचे, त्याचा बाईंना सगळ्यांत जास्त राग यायचा. व्याकरणाचे धडे मात्र झरझर पुढे सरकले. एवढी कटकट, एवढं सगळं होऊन शेवटी पोरं होती तिथेच, किंवा त्याच्याही मागे, असं त्यांना रोज वाटायचं. पोरांनी एकदा तोंड उघडलं होतं, आणि त्यांनी स्वतःच ते दाबलं होतं. कुणाला दोष द्यायचा?

एकदा शाळेतून निघायला त्यांना उशीर झाला. पाटाच्या काठानं घरी जाताना पुढे वळणापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. पोरं भांडताहेत असं वाटून त्या झपाझप निघाल्या. मग शब्द कळायला लागले.

"ती सांगणारच नाही! नावच जाळून टाकेल ती!"

"आणि मग पुढच्या पुराला काय पोहत जायचं?"

"मी असतो तर," हा पोपट, "आधी गिरणीवाल्याला विचारलं असतं, सगळ्यांसमोर."

"तू विचारणार? तुझ्या आजोबांना विचार की!"

"विचारलं!" पोपट किंचाळला. "विचारलं म्हणून मार खाल्ला मी!"

मग लेकीचा आवाज आला. "तिनं आधी घरी विचारायला हवं होतं. बापाला. चौकशीच्या आधी."

"घरी कोण खरं सांगतं?" मुकी म्हणाली. "मी सांगते तिनं काय करायला हवं होतं. ऐका—"

पुस्तकाचा शेवट त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. बाईंना माहीत होता. आणखी थोडं पुढे गेल्या असत्या तर पोरांना त्या दिसल्या असत्या, आणि दिसल्या की सगळी एकदम गप्प झाली असती.

बाई काठावर खाली वाकल्या आणि चपलेत नसलेला खडा काढत बसल्या.